अठरा मीटर

गवत कापायचं मशीन बंद पडलं तेव्हा मला आधी वाटलं, हिने प्लग काढला. दांडीवरचा खटका मी अजून दाबूनच धरला होता. मान घराकडे वळवून मी "काय गं?" असं विचारलंसुद्धा. मोठ्याने विचारलं, कारण मशीनच्या आवाजातून बाहेर आलेला माणूस थोडा वेळ मोठ्यानेच बोलतो. स्वयंपाकघराची पायरी रिकामी होती. ही, म्हणजे माझी बायको, जाऊन पाच महिने झालेत आणि हे मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवतं, तसं आजही आठवलं होतं. पण तेवढ्या दोन सेकंदांत आठवलं नाही. मधेच फोन आला, कुणी भेटायला आलं म्हणून ती आत गेली आणि मला बोलवायचं असलं की ती सरळ प्लग काढायची. हाका मारून काही उपयोग नसायचा. मशीन थांबलं की मी वळून बघायचो, आणि ती हातातला प्लग उंच करून दाखवायची. आज तिथे कुणी नव्हतं. मग मी खाली बघितलं. नारिंगी केबल गवतात पडली होती आणि मशीनच्या डाव्या कडेखाली गेली होती. दुसऱ्या बाजूने ती बाहेर आलेली दिसत नव्हती.

खटका सोडला. केबलला हात लावला नाही. मशीन आहे तिथेच ठेवून, केबलपासून लांब राहून मी घरापर्यंत गेलो. भिंतीवरच्या बोर्डात करंट गळला की वीज तोडणारा गळतीचा स्विच पडलेला होता, म्हणजे त्याने त्याचं काम केलं होतं. तरी मी प्लग ओढून काढला आणि खिशात घातला. चौतीस वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये वायरमन होतो. आमच्याकडे नियम होता की ज्याला मशीनमध्ये हात घालायचा आहे त्याने फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. कुणी कितीही सांगू दे, मी बंद केलंय, तुम्ही घाला हात. फ्यूज माझ्या खिशात नसेल तर माझा हात माझ्या खिशात. नवीन आलेल्या प्रत्येकाला हे मी पहिल्या दिवशी सांगायचो, आणि माझ्या पाळीत कधी कुणाचं बोट गेलं नाही. हे अभिमानाने सांगतोय. केबल कापल्यावरही मला आधी बरं वाटलं ते याचंच, की डोकं कुठे का असेना, हातांनी बरोबर क्रमाने काम केलं. मग परत गेलो, मशीन कडेवर कलवलं आणि बघितलं. केबलचे दोन तुकडे झाले होते. तांब्याच्या तारा गवतासारख्याच सरळ कापल्या गेल्या होत्या. पातं मीच गेल्या आठवड्यात कानशीने धार लावून बसवलं होतं. धार चांगली लागली होती, हे त्यावरून कळलं.

"काय हो वायरमन, लाइट गेली का?" शेजारचे मास्तर भिंतीवरून डोकावले. ते रिटायर होऊन माझ्याहून जास्त वर्षं झालीत, पण मी काय करतोय यावर त्यांची हजेरी रोज असते.

"लाइट आहे. केबल कापली."

"कुणी?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"अरे वा, म्हणजे चोर घरातलाच." ते हसले, मग माझं तोंड बघून थांबले. "गुंडाळा की टेप. आमच्या इस्त्रीच्या वायरीला तीन ठिकाणी गुंडाळलीय मी."

"तुम्ही इस्त्री करत नाही म्हणून वाचलात."

"ते खरंय," मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून, जणू कुणी ऐकतंय, "आज लेक यायचीय ना तुमची? टेप लावा, ती बाजू गवतात घाला आणि गप्प बसा. मी काही बोलणार नाही."

मास्तरांना सगळं माहीत होतं. ही गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी माळ्यावरचं काहीतरी काढायला स्टुलावर चढलो आणि पडलो. काय काढायला चढलो होतो ते आता आठवत नाही, तेव्हाही पडल्यावर आठवलं नव्हतं. कोपर सुजलं. आठ दिवस मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले. नवव्या दिवशी लेकीने बाही वर केली. ती ओरडली नाही. लोकांना गाडी चालवायला शिकवण्याचं तिचं काम आहे. दिवसभर कुणी ना कुणी तिच्या शेजारी बसून चुकत असतं आणि ती ओरडत नाही. ती फक्त म्हणाली, "पडलात त्याचं काही नाही बाबा. लपवलंत. आता आणखी एक काही झालं की तुम्ही आमच्याकडे. शब्द द्या." मी शब्द दिला. त्या वेळी मला वाटलं, काय होणार आहे आता, व्हायचं ते होऊन गेलंय. तिने आणि जावयांनी मागची खोली रिकामी केली, एक कॉट आणून ठेवली. खोली चांगली आहे, खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचं पार्किंग दिसतं. माणसं चांगली आहेत, जेवण वेळेवर असतं, आणि मला तिथे जायचं नाही. मला इथे राहायचं आहे, या चार खोल्यांमध्ये, जिथे अंधारातही कुठला स्विच कुठे आहे ते हाताला माहीत आहे, आणि मागचं गवत मला स्वतःला कापायचं आहे. यापेक्षा जास्त काही कारण मी तिला कधी देऊ शकलो नाही. आज चार वाजता ती येणार होती, आणि पायरीवर माझ्या मांडीवर केबलची दोन टोकं होती.

टेप घरात होती. खोटं कशाला सांगू, मी ती कपाटातून काढलीसुद्धा. जोड द्यायला मला सहा मिनिटं लागतात, आणि मी दिलेला जोड कुणाला दिसणार नाही असा देऊ शकतो. पण उघड्यावर, दवात, पायाखाली येणाऱ्या केबलला टेपचा जोड मी आयुष्यात दिला नाही. एका पोराने दिला होता तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर तो कापायला लावला होता, आणि तेव्हा तो मला मनातल्या मनात काय म्हणाला असेल ते मला माहीत आहे. टेपचं भेंडोळं हातात घेऊन मी बसून राहिलो आणि हे कसं झालं याचा विचार करू लागलो. कारण हा विचार मी नेहमी करत आलो आहे. चूक कुणाची हे साहेब विचारतात. चूक कशी झाली हे वायरमनने विचारायचं असतं.

मशीन घेऊन एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत केबलला साधा ओरखडासुद्धा नाही. का नाही, तर केबल हिच्या हातात असायची. आम्ही कधी ठरवून असं वाटून घेतलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मशीन ढकलायला लागलो आणि तिने येऊन केबल उचलली, एवढंच. मी घराला समांतर पट्टे काढायचो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ती घराच्या बाजूने, माझ्यापेक्षा चार पावलं मागे चालायची. केबलची दोन-तीन वेटोळी खांद्यावर, उरलेली हातात. मी वळलो की ती वळायची. मशीनच्या आवाजात बोलणं नव्हतंच. थांबायचं असेल तर ती केबल जमिनीवर दोनदा हलकेच आपटायची, ते मला दांडीत कळायचं, तळव्याला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. आणि आम्ही सुरुवात करायचो ती लांबच्या टोकाला, मागच्या भिंतीपासून, आणि कापत कापत घराकडे यायचो. हे तिचं म्हणणं. "संपताना घराजवळ असावं," ती म्हणायची. शेवटचा पट्टा पायरीला लागून, पट्टा संपला की ती केबल खाली टाकून सरळ आत, आणि मी मशीन साफ करेपर्यंत चहा. एकोणीस वर्षं हेच. आज सकाळी दव सुकल्यावर मी हातमोजे घातले, जाड तळाचे बूट घातले, गवतात फिरून दगड आणि काटक्या वेचल्या, प्लग बघितला, पात्याचा नट पान्याने तपासला, सगळं केलं. मग नेहमीसारखा मागच्या भिंतीपाशी गेलो आणि तिथून सुरुवात केली.

पायरीवर बसल्यावर ते मला दिसलं. इतकं स्पष्ट, की मला स्वतःशीच हसू आलं. भिंतीकडून घराकडे यायचं म्हणजे न कापलेलं सगळं गवत मशीन आणि प्लग यांच्या मधे. म्हणजे केबल कायम त्या उंच गवतात, मशीनच्या वाटेवर. ती पद्धत दोन माणसांची होती. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने केबल गवतावरून उचलून धरायची. एकट्या माणसाने प्लगपासून सुरुवात करून लांब जायचं असतं, म्हणजे केबल कापलेल्या भागावर, पाठीमागे पडून राहते. हे कुठल्याही नवशिक्याला कळेल. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्र काढून दाखवलं असेल. मला कळलं नाही, कारण मला कधी एकट्याने कापावंच लागलं नव्हतं. गेले पाच महिने मी गवत कापलं नव्हतं, जावयांनी माणूस पाठवला होता. आज पहिल्यांदा मी एकटा होतो आणि दोघांच्या पद्धतीने कापत होतो. मला वाटत होतं या घरात मी एकटा राहायला शिकलो. भात मोजून लावतो, कपडे वाळत घालतो, पलंगाच्या मधोमध झोपतो. आणि पायांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. केबल मी वळताना हाताने बाजूला फेकत होतो, आणि फेकताना दर वेळी मनात कुठेतरी धरून चाललो होतो की ती कुणीतरी झेलतंय.

एकदा चूक कशी झाली ते कळलं की मला पुढचं काम सोपं असतं. टेप कपाटात ठेवली. कापलेल्या जागेपासून मशीनकडचा तुकडा सात मीटरचा होता, तो वेगळा केला आणि त्याच्या टोकाचा रबरी सॉकेट काढून घेतला. सॉकेट धडधाकट होता. घराकडची केबल इंच इंच बोटांतून ओढून तपासली, कुठे चिरलेली नाही ना. मग तिचं टोक ताजं कापलं, तीन तारा सोलल्या, सॉकेट नव्याने बसवला, अर्थिंगची तार इतर दोघींपेक्षा जराशी लांब ठेवली, म्हणजे कुणी ओढलीच तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. केबल धरून ठेवणारी पकडपट्टी घट्ट केली. करंट बरोबर जातोय ना ते टेस्टिंगच्या मीटरने तपासलं. केबल अठरा मीटर उरली. मग पातं. तांब्यावर गेलेलं पातं तसंच चालवायचं नसतं. हातमोजे घालून ते उतरवलं, कडेला एक बारीक खाच पडली होती, ती कानशीने घासली, आणि दुसऱ्या बाजूनेही तेवढंच घासलं. पातं भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकात टांगलं. एक बाजू हळूच खाली गेली. पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा टांगलं तेव्हा ते आडवं राहिलं, हललं नाही. असं राहिलं की मला फार बरं वाटतं. मशीनच्या पोटातलं चिकटलेलं गवत लाकडी पट्टीने खरवडून काढलं, पाणी मारलं नाही. मोटरच्या जाळीवरचा कचरा ब्रशने झाडला. हे सगळं करताना मी रडलो नाही. हे सांगतो, कारण तसं वाटण्यासारखं आहे. मी कामात होतो.

लेक चारला पाच कमी असताना आली. तिची नजर माझ्यावरून घरावर, घरावरून गवतावर गेली. लांबचं गवत कापलेलं, जवळचं उभं.

"अर्धंच?"

"बस," मी म्हटलं, आणि तिला सात मीटरचा तुकडा दाखवला. "सकाळी केबल कापली मी. चालू मशीनने. मला काही झालं नाही. स्विच पडला, मी प्लग काढला. पण कापली."

ती पायरीवर बसली. तुकड्याचं कापलेलं टोक तिने बोटाने चाचपलं. मला वाटलं आता कॉट.

"मास्तरांनी बघितलं असणार, पण सांगितलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं."

"मग तुम्ही का सांगितलंत?"

"शब्द दिला होता. आता हे त्या शब्दात मोजायचं की नाही ते तू ठरव. पण आधी उरलेलं कापताना बघ. मग ठरव."

"परीक्षा घेऊ म्हणता?"

"घे. तुझा धंदाच आहे."

ती हसली नाही, पण चपला काढून पाय पायरीवर नीट ठेवून बसली. मी केबल उलगडली, तेव्हा ती सवयीने उठली आणि उचलायला वाकली. "हात लावू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटलं त्याहून मोठा निघाला. ती तशीच सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "आई असंच धरायची ना. मी खिडकीतून बघायचे. सगळा वेळ तिचं तोंड चालू असायचं."

"कसलं तोंड?"

"बोलायची ती. तुमच्या मागून चालताना. तुम्हाला माहीत नाही? मी एकदा विचारलं, आई, बाबांना ऐकू तरी येतं का? म्हणाली, ऐकू येत नाही म्हणूनच तर बोलते. समोर बोलले की लगेच दुरुस्त करायला धावतात."

मी केबलचा सॉकेट मशीनला जोडत होतो. केबल दांडीवरच्या हुकात अडकवली, तिला थोडी ढील ठेवली, म्हणजे ताण जोडावर येत नाही. एकोणीस वर्षं. मी समजत होतो आम्ही दोघं गप्प असतो. मला तर ते आवडायचं. तळव्याला तिची केबल कळत होती आणि बाकी काही कळत नव्हतं. काय बोलली असेल? माझ्या तक्रारी असतील, नक्कीच. लेकीचं लग्न. तिच्या पाठीचं दुखणं, जे मला तिने फार उशिरा सांगितलं. मी सांगितलं असतं, डॉक्टरकडे चल, लगेच चल, आज चल. म्हणून बोलली नसेल. हे मी आत्ता शांतपणे लिहितोय. त्या वेळी मी फक्त प्लग खिशातून काढला, बोर्डात लावला आणि पडलेला स्विच वर केला.

पायरीपासून सुरुवात केली. केबल उजव्या खांद्यावरून पाठीमागे. पट्टा घराला समांतर, वळताना केबल कापलेल्या बाजूला. एक पट्टा, दोन पट्टे. पहिल्या दोन पट्ट्यांत पाय ऐकत नव्हते, घराकडे पाठ करून लांब लांब जायचं त्यांना पटत नव्हतं. तिसऱ्यापासून पटलं. पातं नीट तोललेलं असलं की दांडीत कंप येत नाही, हात हलके राहतात. गवत सुकं होतं, मशीनच्या मागच्या पेटीत जाऊन पडताना त्याचा आवाज ऐकू येत नव्हता पण कळत होता. चौथ्या की पाचव्या पट्ट्यात मी बोलायला लागलो. कुणाला ऐकू जाणार नव्हतं. आधी केबलचंच सांगितलं, किती कापली, किती उरली. मग कोपराचं. मग पाठीच्या दुखण्यावरून मी हिच्यावर पाच महिने रागावलो होतो, ते. ते सांगायला तीन पट्टे लागले. त्यानंतर सांगण्यासारखं फारसं राहिलं नाही, आणि मी नुसता कापत राहिलो. पेटी दोनदा भरली, दोन्ही वेळा घरापर्यंत जाऊन प्लग काढला, खिशात घातला, मग पेटी रिकामी केली. लेक बघत होती, भिंतीवरून मास्तरही. तिचा उजवा पाय मधेच पायरीवर दाबला जायचा, शिकाऊ माणसाशेजारी बसल्यावर ब्रेकवर जातो तसा.

सकाळी कापलेला भाग जवळ आला. मधे एकच पट्टा राहिला, हातभर रुंदीचा, कोपऱ्यात थोडा जास्त. मी त्यावर वळलो आणि केबल खांद्यावर ताठ झाली. खटका सोडला. पातं पूर्ण थांबेपर्यंत उभा राहिलो, मग घराकडे चालत गेलो आणि प्लग काढला.

"तो पट्टा राहिला," लेक म्हणाली.

"केबल पोचत नाही."

"जरा ओढली तर पोचेल की. हातभर तर आहे."

"ओढायची नसते."

"बरं दिसत नाही पण. मधेच असा शेंडीसारखा."

"नाही दिसत," मी म्हटलं. "राहील. नवी केबल आणली की कापेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फोन काढला आणि जावयांना लावला. मी मशीन कडेवर घेतलं आणि पट्टीने खरवडायला बसलो, पण ती माझ्यासमोरच बोलत होती, मी ऐकावं म्हणूनच. "हं, ऐक. त्या कॉटवर तुझे खोके ठेव परत... नाही, येत नाहीत ते... कापली रे केबल, सांगितलं त्यांनी स्वतःच... हो, बघितलं मी, पूर्ण बघितलं... अरे चालवता सगळ्यांनाच येतं, मी थांबवता येतं का ते बघते... पाहुणे म्हणून येतील की, कोण नको म्हणतंय." फोन ठेवून ती माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि मशीनच्या पोटात बघू लागली.

"पास केलंय," ती म्हणाली. "पण एक चूक लिहून ठेवलीय. वळताना मशीन स्वतःच्या पायांकडे ओढलंत तुम्ही, पातं फिरत असताना. ढकलून वळायचं, ओढून नाही. दोनदा केलंत."

मला ते माहीत होतं. दर वेळी अंगठे बुटात आखडले होते.

"तीनदा," मी म्हटलं. "एकदा तू मास्तरांकडे बघत होतीस."